कुकसाहेब घरी नाहीत

थोर माणसाच्या गावी गेलं की निदान एक घर दाखवतात. घरात खाट असते, खाटेवर इस्त्रीची चादर असते आणि चादरीवर 'हात लावू नये' अशी पाटी असते. त्या खाटेवर तो थोर माणूस खरंच झोपत होता का, हे विचारायचं नसतं. आपण दोन्ही हात पाठीमागे बांधून 'अरे वा' म्हणायचं, वहीत अभिप्राय लिहायचा आणि बाहेर येऊन चपला शोधायच्या. एवढी माफक अपेक्षा ठेवून मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघं ईशान्य इंग्लंडात कॅप्टन जेम्स कुकच्या मुलखात हिंडलो. जग पालथं घालणाऱ्या माणसाच्या गावी त्याची एक खाट सापडू नये, ही कल्पना आम्हा दोघांनाही नव्हती.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मिडल्सब्रोला हाडांचा डॉक्टर आहे. ज्या इस्पितळात तो हाडं जोडतो त्याचं नाव जेम्स कुक. इस्पितळाला लागून २०१४ साली एक चिमुकलं रेल्वे स्टेशन झालं, त्याचंही नाव जेम्स कुक. गावातल्या बाजारसंकुलाचं नाव कॅप्टन कुक स्क्वेअर. त्या स्टेशनावर उतरून मी एका गृहस्थांना विचारलं, "इथे कॅप्टन कुक कुठे भेटतील?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीने म्हणाले, "ऑर्थोपेडिक ना? आत जाऊन डावीकडे."

गावात पोलादाची तीसेक फुटी बाटली तिरकी उभी केलेली आहे. क्लेस ओल्डेनबर्ग आणि कोशा फान ब्रुगेन या जोडप्याचं हे १९९३ सालचं शिल्प. बाटली जाळीदार आहे आणि ती जाळी अक्षरांची आहे. बाहेरचा मजकूर कुकच्या रोजनिशीतून घेतलेला. भाच्याने कौतुकाने सांगितलं, "आई, समुद्रातून बाटलीत घालून पाठवलेला निरोप आहे हा."

"निरोप आला, ते कळलं," ताई म्हणाली. "माणूस कुठाय?"

हा प्रश्न तिने पुढे प्रत्येक गावात विचारला, आणि प्रत्येक गावात माझ्या तोंडाकडे बघून विचारला. कारण फाईल माझ्याकडे होती. निवृत्त झाल्यापासून मी कुठेही जायचं म्हटलं की आधी फाईल करतो. कुकची फाईल तर माझ्या पेन्शनच्या फाईलपेक्षा जाड झाली होती. जन्म २७ ऑक्टोबर १७२८, बाप स्कॉटलंडहून आलेला शेतमजूर, आठ भावंडांतला दुसरा, अशी सगळी माहिती वेगवेगळ्या रंगांच्या शाईत उतरवलेली. ताईला फाईलशी देणंघेणं नव्हतं. तिची प्रेरणा निराळी होती. तिची धाकटी जाऊ मेलबर्नला मुलाकडे असते. मेलबर्नच्या फिट्झरॉय गार्डन्समध्ये 'कुकचं घर' आहे आणि तिथे अठराव्या शतकातले कपडे अंगावर चढवून फोटो काढता येतात. जाऊबाईंनी काढला. डोक्याला झालरीची टोपी, हातात टोपली, मागे कौलारू दगडी घर. तो फोटो घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि त्याखाली अंगठ्यांचा खच पडला.

"तिने काहीतरी नक्कल बघितली असेल," ताई मला म्हणाली. "ऑस्ट्रेलियात कुठून यायचं त्याचं घर? आपण त्याच्या मूळ गावी जाऊ. अस्सल बघू."

खरं काय ते माझ्या फाईलमध्ये, हिरव्या शाईत, लिहिलेलं होतं. पण भाच्याने गाडीची तिकिटं काढून ठेवली होती, ताईने धपाटे करून डबा भरला होता, आणि अशा वेळी बहिणीला सत्य सांगणारा भाऊ अजून जन्माला यायचाय.

सुरुवात मार्टनपासून केली. कुक इथे जन्मला. आता तिथे स्टुअर्ट पार्क नावाची प्रशस्त बाग आहे, बदकं आहेत, कुत्री फिरवणारी माणसं आहेत. ज्या झोपडीत तो जन्मला ती अठराव्या शतकातच पाडली गेली. पुढे ही जमीन हेन्री बोल्कोव नावाच्या, जर्मनीतून येऊन इथे लोखंडात गब्बर झालेल्या गृहस्थांकडे आली. त्यांनी १८५८ मध्ये झोपडीच्या जागी ग्रॅनाइटचा एक मोठा कलश ठेवला. स्वतःसाठी मात्र शेजारी टोलेजंग वाडा बांधला. तो वाडा १९६० मध्ये आगीत गेला. कलश शिल्लक आहे.

ताईने कलशाला अर्धी प्रदक्षिणा घातली. "यात अस्थी आहेत?"

"नाहीत."

"मग काय आहे?"

"काही नाही. इथे घर होतं."

"होतं," ताईने तो एक शब्द हातात धरून उजेडात तपासल्यासारखा उच्चारला आणि ती बाकावर बसली.

बागेतच कुकच्या जन्मस्थानाचं संग्रहालय आहे, १९७८ मध्ये, त्याच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली तेव्हा उघडलेलं. चांगलं आहे. नकाशे आहेत, जहाजातल्या कोंदट जगण्याची कल्पना येते, आत उबदारही आहे. ताईचा जीव तिथे एका शेळीवर बसला. तशी चित्रं पुष्कळ होती, पण शेळीची गोष्ट मी सांगितली. 'एंडेव्हर' जहाजावर दुधासाठी एक शेळी होती आणि ती त्याआधी दुसऱ्या एका जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली होती. म्हणजे कुक पहिल्यांदा निघाला तेव्हा शेळीची दुसरी खेप. परत आल्यावर डॉक्टर जॉन्सनसारख्या महापंडिताने तिच्यावर लॅटिनमध्ये दोन ओळी रचल्या. "बघ," ताई म्हणाली, "दूध देणाऱ्या बाईची कुणीतरी दखल घेतली." हे वाक्य तिने मला उद्देशून का म्हटलं, ते मी विचारलं नाही.

मार्टनहून ग्रेट एटनला जायला तीच छोटी रेल्वे आहे. मिडल्सब्रोहून व्हिटबीपर्यंत जाते आणि वाटेत कुकचं बालपण, शिक्षण, तारुण्य अशी क्रमाने स्टेशनं लागतात. आयुष्य इतक्या सोयीने रुळावर मांडलेला दुसरा दर्यावर्दी माझ्या माहितीत नाही. फक्त ग्रेट एटनचं स्टेशन एकीकडे आणि गाव मैलभर दुसरीकडे. तो मैल ताईने माझ्याशी न बोलता पार केला.

कुक आठ वर्षांचा असताना, १७३६ मध्ये, त्याचा बाप इथे थॉमस स्कॉटो यांच्या शेतावर मुकादम म्हणून आला. मालकाला पोरगं हुशार वाटलं, त्याने शाळेची फी भरली. त्या शाळेच्या जागी आता इवलंसं संग्रहालय आहे. गावच्या हिरवळीवर सोळा वर्षांच्या कुकचा पुतळा आहे, अंगात सदरा नसलेला.

"या हवेत उघडा?" ताईने स्वतःची शाल घट्ट केली. "आईने काही घालून नाही का पाठवलं?"

आणि मग ती वेळ आली. आम्ही जिथे उभे होतो तिथे चार झाडं आणि एक दगडी स्तंभ होता. ताई इकडेतिकडे बघत होती. घर शोधत होती. मी फाईल उघडली. हिरवी शाई आली.

कुकच्या आईबापांनी १७५५ मध्ये इथे घर बांधलं, दारावर नावाची आद्याक्षरं आणि साल कोरलं. १९३३ मध्ये ते विक्रीला निघालं. मालकीणबाईंची अट होती की घर इंग्लंडबाहेर जाता कामा नये. गावातली सगळ्यात मोठी बोली होती तीनशे पौंड. तेवढ्यात मेलबर्नचे उद्योगपती रसेल ग्रिमवेड यांच्याकडून आठशे पौंडांचा देकार आला. मग बाईंना असं पटवलं गेलं, की अटीत 'इंग्लंड' काढून 'साम्राज्य' घातलं तर काय बिघडलं? साम्राज्याबाहेर काही जात नाहीये. बाईंना पटलं. आठशे पौंडांत बऱ्याच गोष्टी पटतात. मग घराची वीटन्‌वीट उतरवली, २५३ पेट्या आणि ४० पिंपांत भरली, भिंतीवरच्या वेलीची कलमंसुद्धा घेतली आणि सगळं बोटीने ऑस्ट्रेलियाला नेऊन १९३४ मध्ये फिट्झरॉय गार्डन्समध्ये उभं केलं. मोबदला म्हणून ऑस्ट्रेलियाने हा स्तंभ पाठवला. कुकच्या जहाजावरून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाचा जो किनारा पहिल्यांदा दिसला, तिकडच्या दगडाचा.

ताई पुष्कळ वेळ स्तंभाकडे बघत राहिली.

"म्हणजे तिने अस्सल बघितलं?"

"हो."

"आणि मी तिच्या गावचा दगड बघतेय?"

तिला धीर द्यायला मी म्हटलं, की घर अस्सल असलं तरी कुक त्यात राहिलेला नाही. ते बांधलं त्या साली तो सव्वीस वर्षांचा होता, आरमारात भरती झाला होता. फार तर आईबापांना भेटायला पाहुणा म्हणून आला असेल. "म्हणजे वहिनी," मी जाऊबाईंना लिहायचा मजकूरही सुचवला, "ज्या घरापुढे टोपली घेऊन उभ्या आहेत, ते कुकचं नाहीच." ताईचा चेहरा जरासा उजळला. तिने तिथल्या तिथे तो निरोप ग्रुपवर टाकला. जाऊबाईंचं उत्तर ग्रेट एटनच्या चहाआधी आलं : 'हो गं, गाईडने सांगितलं होतं. पण घर किती गोड आहे ना!' सोबत आणखी सहा फोटो.

गावातून रोझबेरी टॉपिंग नावाचं टोकदार टेकाड दिसतं. लहानपणी कुक तिथे चढायचा असं सांगतात. मी तिकडे बोट दाखवताच ताईने सावधपणे विचारलं, "डोंगर तरी जागेवर आहे ना?"

"अर्धा," मी म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. १९१२ मध्ये त्याची एक बाजू कोसळली.

कुकचं मोठं स्मारक त्याच्या शेजारच्या ईझबी मूरवर आहे, १८२७ मध्ये उभारलेला सुमारे पन्नास फुटी स्तंभ. हे इंग्रजांना कुणी सांगितलं कोण जाणे, की स्मारक गुडघ्यांच्या आवाक्याबाहेरच हवं. ताई खाली चहाला बसली, मी आणि भाचा वर गेलो. वरून अख्खा क्लीव्हलंड दिसतो, समुद्रही दिसतो. म्हणजे दिसतो असं भाचा म्हणाला. मला धुकं दिसलं, धुक्यात स्तंभ दिसला आणि त्याच्यावरचा कुकच्या गुणांची तारीफ करणारा लांबलचक लेख वाचून होईपर्यंत पाऊस सुरू झाला. एक मेंढी स्तंभाच्या आडोशाला उभी होती. स्मारकाचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

स्टेथ्सबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे फारसं उरलेलं नाही. समुद्रकाठचं, उतारावर रचलेलं कोळ्यांचं गाव. कुक १७४५ मध्ये इथे विल्यम सँडरसन यांच्या दुकानात उमेदवारीला लागला. किराणा, कापड, सुईदोरा. दीड वर्षात त्याला आणि दुकानाला एकमेकांचा कंटाळा आला. एक दंतकथा अशी की गल्ल्यात आलेलं एक चकचकीत शिलिंग त्याला आवडलं, त्याने स्वतःचं शिलिंग टाकून ते घेतलं आणि चोरीचा आळ आला. गाडी वर ठेवून पायी खाली उतरावं लागतं. उतरलो. नाक्यावर एक म्हातारबुवा जाळं विणत बसले होते.

"सँडरसनचं दुकान?" मी विचारलं.

त्यांनी जाळ्यातून मान वर न करता समुद्राकडे बोट केलं. "तिकडे. खूप वर्षांपूर्वी लाटांनी नेलं."

"सगळं?"

"ओहोटीला या. नशीब असेल तर किराणा मिळेल."

दुकानाचा लाकूडफाटा वापरून बांधलं म्हणतात असं एक घर आत गल्लीत आहे. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती वरच्या वाहनतळाकडे बघत होती.

अखेर व्हिटबी. इथे मात्र आमचे ग्रह पालटले. व्हिटबीत घर आहे! ग्रेप लेनमधलं, जॉन वॉकर या क्वेकर जहाजमालकांचं, दारावर १६८८ साल असलेलं. आता तिथे कुकचं संग्रहालय आहे. १७४६ मध्ये कुक वॉकरांकडे शिकाऊ म्हणून लागला, कोळशाच्या जहाजांवर. शिकाऊ पोरं झोपायची तो माळा आहे. तुळया इतक्या खाली आहेत, की श्रद्धा नसलेल्याचीही मान झुकते. माझी झुकली नाही. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "तुळईला काही झालं नाही ना?" ताईने विचारलं. भाच्याने माझं डोकं तपासलं आणि सुट्टीच्या दिवशी हाडांच्या डॉक्टरला बरोबर आणल्याचं सार्थक झालं.

वॉकरांच्या घरची कारभारीण पोराला टेबल आणि मेणबत्त्या द्यायची, बाकीची पोरं गप्पा हाणत असताना हा गणित करत बसायचा, अशी आठवण सांगतात. ताईला हे फार लागलं. सांगलीच्या घरी भाच्याची खोली तिने जशीच्या तशी ठेवली आहे. बारावीची पुस्तकं, प्रवेशपरीक्षेचं हॉलतिकीट, मोडका टेबललॅम्प. कुणी पाहुणा आला तरी त्या खोलीत झोपायचं नाही. मी एकदा झोपलो होतो तर सकाळी उशीचा कोन बदलल्याची तक्रार झाली. माळ्यावर उभ्या उभ्या ताईने भाच्याला ऐकवलं, "मेणबत्तीवर शिकला, आणि आठवड्याला पत्र नसेल लिहीत का आईला?"

"आई, मी रोज फोन करतो."

"ते मी त्याच्याबद्दल म्हणतेय."

तिथेच ती आंबट कोबीची गोष्ट निघाली. स्कर्व्हीपासून जपायला कुकने जहाजावर खारवलेला कोबी भरला होता. खलाशी तोंड लावेनात. मग त्याने तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला आणि खलाशांना सांगितलं, तुमची इच्छा असेल तर खा. साहेब लोक खातात म्हटल्यावर आठवड्याच्या आत कोबीची चणचण भासायला लागली. "यात काय शोध लावला?" ताई म्हणाली. "मी कारलं असंच घातलंय ह्याच्या पोटात. तुझे मामा बघ कसे मिटक्या मारत खातात, म्हणायची." चाळीस वर्षांनंतर मला कळलं, की मला कारलं आग्रहाने का वाढलं जायचं.

कुकचं 'एंडेव्हर' हे मुळात व्हिटबीचंच, १७६४ मध्ये इथे बांधलेलं कोळसावाहू गलबत. 'अर्ल ऑफ पेम्ब्रोक' हे त्याचं माहेरचं नाव. त्याच्या सफरींवरची बाकीची जहाजंही इथलीच. बंदरात एक 'एंडेव्हर' उभं होतं. ताईने आशेने माझ्याकडे पाहिलं.

"नक्कल आहे," मी म्हणालो. "अस्सल १७७८ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडजवळ मुद्दाम बुडवलं. दुसऱ्या नावाखाली."

ताईने बोटं मोडत हिशोब मांडला. "घर ऑस्ट्रेलियात. जहाज अमेरिकेत. आणि तो स्वतः?"

"हवाई बेटावर. तिथल्या लोकांशी चकमक झाली, मारला गेला. १४ फेब्रुवारी १७७९."

"मग आपण इथे काय करतोय?"

मला याचं उत्तर पश्चिमेच्या कड्यावरच्या पुतळ्यापाशी मिळालं. १९१२ सालचा पुतळा, रुबाबदार, हातात नकाशाची गुंडाळी, नजर समुद्रावर, डोक्यावर सीगल. सीगल हालत नाही. त्याची बहुधा तिथे नेमणूक असावी. या पोराने सोळाव्या वर्षी एटन सोडलं, मग स्टेथ्स सोडलं, मग व्हिटबी सोडलं, आणि शेवटी इंग्लंडच. त्याने सोडलेल्या प्रत्येक गावाने कृतज्ञतेने दगड उभारला. जो भाऊ एटनमध्येच राहून शेत नांगरत बसला असता, त्याच्या नावाने बाकसुद्धा ठेवला नसता. ताईला हे मी सांगितलं तर ती म्हणाली, "लोक आधीपासून राहत होते ना रे तिथे, ऑस्ट्रेलियात? मग याने शोध कशाचा लावला?" तिथल्या मूळ रहिवाशांचंही हेच म्हणणं आहे, आणि ते ताईइतक्या सौम्य आवाजात मांडत नाहीत.

व्हिटबीत खरी गर्दी मात्र कुकसाठी नसतेच. ती ड्रॅक्युलासाठी असते. ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे सुट्टीला आला आणि त्याने आपल्या कादंबरीतला ड्रॅक्युला याच किनाऱ्यावर उतरवला. तेव्हापासून काळे झगे घातलेली मंडळी १९९ पायऱ्या चढून वरच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याचं थडगं शोधत फिरतात. शेवटी चर्चवाल्यांना पाटी लावावी लागली, की ड्रॅक्युलाच्या थडग्याची चौकशी करू नये, इथे ते नाही. कधी जन्मालाच न आलेल्या माणसाचं थडगं शोधणाऱ्यांच्या शेजारून आम्ही चाललो होतो, तेव्हा आम्हाला जरा बरं वाटलं. आमचा माणूस निदान होता.

संध्याकाळी धक्क्यावर बसून चिप्सचा पुडा उघडला. भाचा काहीतरी सूचना देत होता, ती पूर्ण व्हायच्या आत एक पांढरा पंख माझ्या चष्म्यावरून गेला आणि पुडा हलका झाला. ताईने शांतपणे डबा काढून धपाटे वाढले. धपाट्यांना कुठल्याही पक्ष्याने हात लावला नाही; यॉर्कशायरला अजून त्यांचा शोध लागायचा आहे.

घरी परतल्यावर ताईने मेलबर्नच्या व्हिसाची चौकशी सुरू केली. मला बरोबर नेणार नाही म्हणते, फाईल मात्र मागून घेतली.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर जरूर जा, मुलूख सुंदर आहे आणि ग्रेप लेनचं संग्रहालय खरोखर बघण्यासारखं आहे. व्हिटबीच्या गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, वेळापत्रक आधी पाहून ठेवा. ही गाडी बॅटर्सबी स्टेशनात थांबते, चालक खाली उतरून दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी उलट्या दिशेने निघते. आपण परत चाललो असं वाटून साखळी ओढू नका. ती व्हिटबीलाच जाते.